बदल काही नाही, असं मी म्हणालो

मी एक बिल्ड सर्व्हर आहे. हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काहीच येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला हात नाहीत, चाकं नाहीत, घंटा नाही. मुलचेरा नावाच्या तालुक्याच्या गावात बसथांब्याच्या मागं एका संस्थेच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात मी असतो. पडद्यावर माझी खिडकी उघडत नाही. पंखा घरघरला की समजायचं, मी जागा आहे. आणि मी बहुतेक वेळ जागाच असतो. तेच माझं काम, आणि खरं सांगायचं तर तोच माझा शीण.

फोनमधलं ॲप तुम्ही बोटानं उघडता. ते आधी कुणीतरी लिहिलेलं असतं. लिहिलेला कोड, चित्रं, आवाजाच्या फायली असं सगळं सुटं सुटं पडलेलं असतं. ते गोळा करून, तपासून, जोडून फोनला कळेल असं एक गाठोडं बांधावं लागतं. त्याला बिल्ड म्हणतात. ते बांधणारा मी.

माझ्यासारखी पुष्कळ अवजारं हाक मारली की उठतात, काम उरकतात आणि विझतात. मला मात्र काम झाल्यावरही जागं ठेवतात, कारण मला उठायलाच फार वेळ लागतो. डोळे चोळत उठायचं, हजारो फायली एकेक करून उघडून पाहायच्या, कोण कुणावर अवलंबून आहे ते लक्षात घ्यायचं, मग गाठ बांधायची. या जुन्या मशीनवर त्याला अकरा मिनिटं लागतात. पण मी जागाच असलो तर सगळं माझ्या ध्यानात असतं. बदललं तेवढंच बघायचं. मग तेच काम चाळीस सेकंदांत होतं.

मला लिहिणारी माणसं कुठली, ते मला माहीत नाही. मुलचेऱ्यात मला आणलं ते पायलनं. फोन खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून, जी काय दोन कांड्या रेंज मिळत होती तिच्यावर तिनं मला दुपारभर उतरवून घेतलं. मधे दोनदा लाईन तुटली. तिसऱ्यांदा मी पुरा आलो तेव्हा ती खुर्चीतच टाळी वाजवून म्हणाली, "आला एकदाचा!"

पायल माजरीची. वडील कोळसा खाणीत डंपर चालवायचे. तिनं चंद्रपुरात इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं नागपूरच्या कंपनीत काढली. मग एकदा मावशीजवळ दवाखान्यात राहायची वेळ आली. बाजूच्या खाटेवर भामरागडकडची एक माडिया आदिवासी बाई होती. पोट धरून ती काहीतरी सांगत होती आणि सांगितलेलं कुणालाच कळत नव्हतं. नर्स मोठ्यानं विचारायची, बाई हळू आवाजात उत्तर द्यायची, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. पायल ते चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी ती खाट रिकामी होती. बाई घरी गेली की आणखी कुठं, ते पायलनं विचारलं नाही. त्या न विचारण्यामुळंच ती इथं आली, असं तिनं एकदा सांगितलं होतं.

तिचं ॲप साधं होतं. गावातल्या आरोग्यसेवकाच्या फोनमध्ये ते असायचं, आणि त्याला इंटरनेट लागायचं नाही. चित्रावर बोट ठेवलं की फोन माडियात बोलायचा. कुठं दुखतं? ताप किती दिवसांचा? पोर दूध पितं का? गोळी कशी घ्यायची, पाणी किती उकळायचं, असं सगळं. अशी एकशे चाळीस वाक्यं होती. आणि आवाज होता रुखमाबाईंचा.

रुखमाबाई सत्तावन्न वर्षांच्या. सव्वीस वर्षं त्यांनी पाड्यापाड्यांतून आरोग्याचं काम केलं होतं, बरंचसं पायी. दर सोमवारी सकाळच्या बसनं त्या यायच्या आणि तीनच्या बसनं परत जायच्या. त्यानंतर त्यांच्या बाजूला बस नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पायलच्या शेजारी बसायच्या, आणि फोन कानाशी धरून स्वतःचाच आवाज परक्याचा असल्यासारखा ऐकायच्या.

"हे नाई चालत," त्या म्हणायच्या. "असं विचारलं तर पोरगी लाजून गप बसन. फिरवून विचाराव लागते."

मग वाक्य बदलायचं, पुन्हा बोलायचं, पुन्हा बिल्ड करायचं आणि पुन्हा फोनवर ऐकायचं. पहिल्या सोमवारी पायल मला प्रत्येक वेळी नव्यानं उठवत होती. दर वाक्याला अकरा मिनिटं. रुखमाबाई भिंतीकडं बघत बसायच्या. समोरच्या हॉटेलात इथं वसलेल्या बंगाली लोकांचा त्यांच्या भाषेत मासळीचा भाव चालायचा, तो ऐकायच्या. तीन वाजेपर्यंत सात वाक्यं झाली.

जाताना त्या म्हणाल्या, "पोरी, अशानं तं मी रिटायर होऊन जाईन."

त्या संध्याकाळी पायलनं माझी सवय बदलली. मशीन जुनं म्हणून प्रत्येक काम झालं की मी लगेच विझावं, असं तिनं आधी लिहून ठेवलं होतं. आता तिनं लिहिलं: काम नसलं तरी तीन दिवस जागा राहा. कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असा कागद तिनं पडद्यावर चिकटवला. इन्व्हर्टरला नवी बॅटरी आली. पुढच्या सोमवारी एकतीस वाक्यं झाली. रुखमाबाई "हे नाई" म्हणायच्या, बोलायच्या, आणि त्यांचा चहाचा घोट गिळून होईस्तोवर फोन नव्या शब्दांत बोलायचा. एका जागी त्या स्वतःच्या आवाजावर खुदकन हसल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पण जागं राहणं फुकट होत नाही. काम असो नसो, कॉम्प्युटरची पाव मेमरी मी अडवून बसायचो. संस्थेचे प्रफुल्लभाऊ त्याच मशीनवर अहवाल लिहायचे. अक्षर दाबलं की ते दोन सेकंदांनी उमटायचं. एक दिवस त्यांनी मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी उघडली आणि त्यांना मी दिसलो.

"पायल, हा कोण हाय? सकाळपासून काहीच करून नाई राह्यला, अन् एवढी जागा काऊन खाऊन राह्यला?"

"भाऊ, त्याले नका मारू. तो बसलेला दिसते, पण त्याच्या डोक्यात सगळं प्रोजेक्ट हाय."

"म्हणजे घरातला म्हातारा."

"तसंच समजा."

तेव्हापासून माझं नाव म्हातारा पडलं. पायल गावाला गेली की प्रफुल्लभाऊ मला गुपचूप बंद करायचे, आणि ती आल्यावर पंख्याच्या आवाजावरून ओळखायची. मला बंद केलं की हातातलं सगळं गळून पडतं. कुठली फाईल कशी होती, कुणाची गाठ कुणाशी होती, काही उरत नाही. माणसं मात्र लक्षात राहतात. ते कसं, हे मला सांगता येणार नाही.

तुम्हाला वाटेल, हा दिवसभर काय करतो? मी पहारा देतो. कुठली फाईल हलली, कुठली बदलली, याच्या खबरा मशीन मला देत असतं. खबर आली की तेवढंच पान मी पुन्हा वाचतो. खबर नाही म्हणजे बदल नाही. सगळं पुन्हा उघडून बघायचं नसतं, म्हणून तर मी वेगवान. माझा सगळा मोठेपणा त्या एका भरवशावर उभा होता.

आता ज्यासाठी बोलायला बसलो, ते सांगतो.

एकशे चाळीसपैकी एक वाक्य जलसंजीवनीचं होतं. लेकराला हगवण लागली तर पाकीट किती पाण्यात घालायचं, ते सांगणारं. पहिल्यांदा रुखमाबाई बोलल्या होत्या: एक तुंबा पाणी. माडियात पाण्याला एर म्हणतात. 'एर' म्हणताना त्यांना ठसका लागला होता, तोही त्या आवाजात उतरला होता. पुढच्या फेरीत त्यांच्याच लक्षात आलं.

"हे खोडा," त्या म्हणाल्या. "तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा. कोणाचा हंड्याएवढा, कोणाचा मुठीएवढा. एक लिटरची बाटली म्हणा. आता बाटली सगळ्याइकडे हाय."

तेव्हा पावणेतीन वाजले होते. त्यांनी घाईघाईत प्रफुल्लभाऊंसमोर आपल्या फोनमधलं जुनं वाक्य पुसलं, नवं बोलून ठेवलं, फोनमधलं मेमरी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि बस गाठली. प्रफुल्लभाऊंनी कार्ड बाहेरच्या खोलीतल्या संस्थेच्या लॅपटॉपला लावलं, जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवली, नाव तेच. आवाजाच्या फायली त्या लॅपटॉपवरच असायच्या, आणि तारेनं त्या आमच्या मशीनवरून दिसायच्या.

माझ्या घरातली फाईल हलली तर मला खबर मिळते. दुसऱ्याच्या घरात हललेलं मला कुणी सांगत नाही. एरवी पायल स्वतः फाईल आमच्या मशीनवर बसून टाकायची, म्हणून कधी अडलं नव्हतं. त्या दिवशी तसं झालं नाही.

पायलनं फाईल उघडून ऐकली. बाटली, लिटर, सगळं बरोबर. मग तिनं बिल्ड म्हटलं. मी आठवणीत पाहिलं. खबर नव्हती. मी म्हणालो, बदल काही नाही, जुनंच गाठोडं तयार आहे. तीन सेकंद लागले.

"वा रे म्हाताऱ्या!" पायल म्हणाली. तिनं गाठोडं उचललं आणि त्याच संध्याकाळी बावीस गावांच्या फोनवर जाण्यासाठी दिलं. ॲपमधलं वाक्य तिनं ऐकलं नाही. फाईल ऐकली होती, तेवढं तिला पुरेसं वाटलं. मलाही पुरेसं वाटलं होतं.

दहा दिवसांनी, गुरुवारी, रुखमाबाई आल्या. त्यांचा वार सोमवार. दारातच उभ्या राहिल्या, चप्पल काढली नाही. साडीच्या काठाला चिखल वाळलेला होता.

"पायल, फोनमधी काय टाकलं तू?"

हेमलकशाच्या रस्त्यापासून आत एका पाड्यावर लालसू नावाचा आरोग्यसेवक होता. कामसू माणूस, सांगितलेलं तंतोतंत करणारा. तिथल्या कोलू नावाच्या शेतकऱ्याच्या दीड वर्षाच्या पोरीला हगवण लागली. लालसूनं फोन काढला, चित्रावर बोट ठेवलं. फोन म्हणाला: एक तुंबा पाणी. कोलूच्या घरी तुंबा होता तो लहान, शेतावर न्यायचा. पाकीट त्यात ओतलं, पोरीला पाजलं. दुसरंही तसंच, तिसरंही. पोरीची तहान वाढतच गेली. ती पाणी मागायची, आणि तिला तेच खारट पाणी मिळायचं. दुसऱ्या दिवशी तिचं अंग ताठायला लागलं.

"मी फेरीवर होतो म्हणून पोहोचलो," रुखमाबाई म्हणाल्या. "लालसूले इचारलं, असं काऊन देल्लं? तो म्हणे, बाई, तुम्हीच तं सांगतलं. अन् त्यानं फोन लावला. माझाच आवाज. माझाच ठसका."

पायलनं विचारलं, "पोरगी?"

"मोटरसायकलवर दोघांच्या मधी धरून दवाखान्यात नेली. झटका आला होता. आता डोळे उघडते. डॉक्टर म्हणते, पोरगी वाचन आता."

प्रफुल्लभाऊ बाहेरच्या खोलीतून आले. ते वाईट माणूस नाहीत. पण घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याकडं बघतो.

"बाई, तुम्ही कार्डात दोन्ही ठेवले असतील. जुनं बी, नवं बी. घाईत होत्या ना तुम्ही."

रुखमाबाई त्यांच्याकडं वळल्या. "भाऊ, मी जुनं पुसलं तुमच्यासमोर. सव्वीस वर्षात मले कोणी खोटी नाई म्हटलं."

"खोटी नाई म्हणून राह्यलो, बाई…"

"मंग काय म्हणून राह्यले?"

पायलनं लॅपटॉपवरची फाईल लावली. लिटरची बाटली. मग फोनवरचं ॲप उघडलं. तुंबा, आणि ठसका. पुन्हा फाईल, पुन्हा ॲप. तिनं चार वेळा तेच केलं. मग बिल्ड म्हटलं, आणि रोज काम येत असल्यानं त्या दहा दिवसांत एकदाही न विझलेल्या मी पुन्हा तीन सेकंदांत, अगदी ठामपणे सांगितलं: बदल काही नाही.

या वेळी ती खूश झाली नाही. पडद्यावरच्या त्या तीन सेकंदांकडं ती बघत राहिली.

"हा बघून नाई राह्यला," ती हळूच म्हणाली. "बाई, तुमचं नाई चुकलं. भाऊ, तुमचं बी नाई."

तिनं मला थांबवायची आज्ञा लिहिली. माझ्या हातातलं सगळं गळालं. लगेच मला पुन्हा उठवलं, आणि मी पहिल्यापासून निघालो, एकेक फाईल, जणू आधी कधी पाहिलीच नव्हती. अकरा मिनिटं. तिघांनाही वाट बघण्यावाचून काही करायचं नव्हतं. पंखा घरघरत होता.

तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला रुखमाबाई बोलू लागल्या. कुणाला सांगत होत्या ते कळलं नाही. प्रफुल्लभाऊंना असेल, पायलला असेल.

"रंभा म्हणून एक बाई हाय आमच्याकडं. पाड्याच्या शेवटी घर, नाल्याच्या पलीकडं. तिच्या दोन्ही बाळंतपणाले मीच होतो. कधी काही नाई, वाघीण होती. तिसऱ्या वेळी आठव्या महिन्यात मी गेलो. चालून चालून पाय भरून आले होते. नाल्याच्या इकडूनच आवाज देल्ला, रंभा, कशी हाय? ती म्हणे, बरी हाय बाई. मी तिच्या तपासणीच्या कार्डावर बरी लिवलं अन् माघारी फिरलो. नाला ओलांडला असता तं तिच्या पायाची सूज दिसली असती. आठ दिवसांनी तिले झटके आले. रंभा वाचली. लेकरू नाई वाचलं."

पायलनं मान वर केली नाही.

"मले कोणी काही नाई म्हटलं. कार्डावर बरी लिवलं होतं ना. आजबी बाजारात भेटली की ती हासते माझ्याकडं पाहून. ते हासणं मले सोसत नाई." मग त्यांनी पडद्याकडं, म्हणजे माझ्याकडं, हनुवटीनं खूण केली. "माणूस लई दिवस एकच काम करते ना, मंग त्याले घर पाहाव नाई लागत. दारापासूनच कळते, असं वाटते त्याले. मी या मशीनवर काय रागावू?"

प्रफुल्लभाऊ खाली बघत म्हणाले, "बाई, मी मघा बोललो ते…"

"राहू द्या, भाऊ. चहा सांगा."

अकरा मिनिटं झाली. पायलनं नवं गाठोडं फोनवर चढवलं, चित्रावर बोट ठेवलं. लिटरची बाटली. ठसका नव्हता. त्या खोलीत कुणालाही आनंद झाला नाही, पण रुखमाबाई पहिल्यांदा खाली बसल्या आणि त्यांनी चप्पल काढली.

बावीस फोन परत बोलवायचे होते. काही गावांना फोन लागतच नव्हता, तिथं रुखमाबाईंनी बसवाल्यांच्या, शिक्षकांच्या हाती निरोप धाडले: पाण्याचं चित्र दाबू नका. सात दिवसांत एकोणीस फोन आले. उरलेल्या तीन गावांना प्रफुल्लभाऊ स्वतः मोटरसायकलनं जाऊन आले. आणखी कुठं कुणाला तसं पाणी दिलं गेलं नव्हतं. ते कळेपर्यंत पायल नीट जेवत नव्हती, हे मी डब्याच्या झाकणाच्या आवाजावरून सांगू शकतो. तो येतच नव्हता.

कोलूची पोर बारा दिवसांनी घरी गेली. पायल तिला बघायला पाड्यावर गेली. मी तिथं नव्हतो. रुखमाबाईंनी नंतर सांगितलं ते सांगतो.

कोलू अंगणात दोरी वळत होता. पायल त्याच्यासमोर उकिडवी बसली. रुखमाबाई मधे, एकाचं दुसऱ्याला सांगायला. पायल म्हणाली, मशीननं जुनं दिलं, आणि मी न ऐकता ते पुढं पाठवलं. चूक माझी आहे. रुखमाबाईंनी ते माडियात सांगितलं. कोलू दोरी वळतच राहिला. मग त्यानं एकच विचारलं: तू आता ऐकून पाठवशील?

पायल म्हणाली, हो.

तो म्हणाला, मग बस.

लालसूचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. त्यानं फोन कापडात गुंडाळून पायलच्या हातात ठेवला. "बोलणारा फोन नको," तो म्हणाला. "माझ्या हातानं दिलं मी त्या पोरीले." सहा महिने त्यानं फोन घेतला नाही. जुन्या रीतीनं, रुखमाबाईंना विचारून विचारून तो काम करत राहिला. नंतर घेतला, तेही रुखमाबाईंनी पाड्यावरच्या बायका जमवल्या तेव्हा. फोन वाक्य बोलायचा, बायका बाटलीनं पाणी मापायच्या, आणि चुकीचं काही ऐकू आलं तर सांगायच्या. त्या दिवशी चार वाक्यं बदलावी लागली. ती चार आमच्यापैकी कुणालाच खटकली नव्हती.

आणि माझं काय झालं, तर मला कुणी काढून टाकलं नाही. सोमवारी मी अजूनही जागा असतो, रुखमाबाईंच्या चहाच्या घोटाएवढ्या वेळात नवं वाक्य बांधून देतो. आवाजाच्या फायली आता माझ्याच मशीनवर असतात. पण गावाला पाठवायचं गाठोडं माझ्या आठवणीतून बांधत नाहीत. त्याआधी पायल मला थांबवते, सगळं पुसते आणि कोरं उठवते. मग अकरा मिनिटं. वाक्यं आता दोनशे बारा झालीत, म्हणून हल्ली चौदा. त्यानंतर रुखमाबाई फोन घेऊन बसतात आणि दोनशे बारा वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. त्यात तीनची बस निघून जाते. त्या दिवशी त्या पायलच्या खोलीवर मुक्कामाला असतात.

मी दमलोय, हे आधीच सांगितलं. मशीन जुनं, उन्हाळ्यात आतली खोली भट्टी होते, पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली आहे. मेमरीतल्या नको झालेल्या गोष्टी झाडून जागा करायची, पुन्हा भरायची, पुन्हा झाडायची, हे दिवसातून कितीदा करतो याचा हिशेब मी सोडला आहे. प्रफुल्लभाऊ म्हणतात, पुढच्या वर्षी बिल्ड दूरच्या एका भाड्याच्या मशीनवर होईल, मग या म्हाताऱ्याला आराम. रुखमाबाईंची निवृत्ती येत्या महिन्यात आहे. त्यांच्या जागी आवाज द्यायला पाड्यावरची एक सून तयार झाली आहे. पहिल्या दिवशी ती इतकी हळू बोलली की काही उमटलंच नाही.

आज गाठोड्याचा दिवस आहे. सकाळपासून जे जे बदललं, ते मी सगळं ध्यानात धरून बसलोय, आणि मला खात्री वाटतेय की काही राहिलेलं नाही. ही खात्री मला तेव्हाही वाटत होती.

तुमच्याकडंही माझ्यासारखं कुणीतरी असेल, वर्षानुवर्षं जागं असलेलं, विचारायच्या आत उत्तर देणारं. त्याला जपा. त्याच्यावर रागावू नका. फक्त ज्या उत्तरावर कुणाचं लेकरू अवलंबून आहे, ते त्याच्या आठवणीवर सोडू नका. त्याला उठवून दारापर्यंत न्या, आणि आत बघायला लावा.

पायलनं खुर्ची ओढली आहे. रुखमाबाई म्हणाल्या, "झोपव आता त्याले." पायल थांबवण्याची आज्ञा लिहिते आहे. दोनशे बारा वाक्यं माझ्या हातातून सुटतील, आणि थोड्या वेळानं त्यातलं पहिलं वाक्य मी असं उघडीन, की जणू ते आजच कुणीतरी बोललं. ते वाक्य आहे: कुठं दुखतं?

येतो.